आणीबाणी संसदेला मधेच उठवता येते का?

१९७५ च्या आणीबाणीत आमचे आजोबा मिसाखाली (खटल्याशिवाय डांबून ठेवायचा कायदा) आत होते. आजी अजून सांगते, आज सोडतील उद्या सोडतील करत दर आठवड्याला स्टीलचा डबा घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहायची. तेव्हा संसद होती ना, मग खासदारांनी ती संपवली का नाही? आणि आज संपवता येईल का?

> तेव्हा तशी सोयच नव्हती. दोन्ही सभागृहांनी एकदा मंजुरी दिली की पुढे मुदत नाही, सरकारला वाटेल तेव्हा उठणार. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने हे बदललं, आता दर सहा महिन्यांनी दोन तृतीयांश मतांनी परत मंजुरी लागते आणि लोकसभेच्या एक दशांश खासदारांनी, म्हणजे ५४३ पैकी ५५ जणांनी, सह्या करून नोटीस दिली की १४ दिवसांत खास बैठक घ्यावीच लागते. तिथे आणीबाणी उठवायला साधं बहुमत पुरतं.

> ५५ सह्या होतील हो, पण बहुमत सरकारचंच असतं आणि व्हिप (पक्षाने सांगितलं तसंच मत द्यायचा आदेश) निघाला की संपलं. शिवाय उठवायच्या ठरावात राज्यसभेला मतच नाही, हे मला फार खटकतं.

> अमेरिकेत तर अजून अवघड. तिथे आणीबाणी उठवायच्या ठरावावर राष्ट्राध्यक्ष व्हेटो (नकाराधिकार) वापरू शकतो, २०१९ मधे सीमेवरच्या भिंतीसाठी लावलेल्या आणीबाणीच्या वेळी ट्रम्पने तेच केलं आणि तो मोडायला दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. इराणवरून १९७९ ला लावलेली आणीबाणी अजून दरवर्षी वाढवतात!

थँक्यू सगळ्यांना, ५५ चा आकडा आज आजीला सांगते.