कयाकचा लॅमिनेट केलेला मासिक बीम साच्यावरून काढला की उघडतो. पट्ट्या, साचा आणि टेननबद्दल सल्ला हवा

तिरपी_करवत

स्किन-ऑन-फ्रेम (लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेल्या) कयाकचा मासिक बीम पातळ पट्ट्या चिकटवून, म्हणजे लॅमिनेट करून, करायचा आहे. (कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या जागेच्या, लगेच पुढचा कमानी डेक-बीम. शब्द ग्रीनलंडचा, छापील मासिकाशी संबंध नाही.) तिथे दोन गनेलच्या (सांगाड्याच्या वरच्या कडेच्या लांब फळ्यांच्या) आतल्या अंगांमध्ये ५१० मिमी अंतर आहे आणि मधोमध ६० मिमी उंचवटा हवा आहे. अ‍ॅश लाकडाच्या ६ मिमी जाडीच्या ३ पट्ट्या घेतल्या, साचा बरोबर ६० मिमी उंचवट्याचा, वॉटरप्रूफ पीव्हीए ग्लू (लाकूडकामाचा गोंद), रात्रभर क्लॅम्पमध्ये. साच्यावरून काढल्यावर उंचवटा ५३ मिमी भरला. शिवाय एका टोकाला वरचा सांधा केसभर उघडा आहे.

साचाच जास्त वाकडा करावा की पट्ट्या बारीक घ्याव्यात? आणि टोकाचा टेनन (गनेलच्या खाचेत बसणारी जीभ) आडवा, पाण्याच्या रेषेला समांतर कापायचा का? गनेल २० मिमी जाड, ६५ मिमी उंच आणि १७ अंश बाहेर कललेली आहे.

सहा_पट्ट्या

७ मिमी गेले ते हिशेबानेच गेले. सुट्या ३ पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर त्यांचा ताठपणा एका पट्टीच्या ३ पट. त्याच चिकटून एक झाल्या की जाडीचा घन लागू होतो, म्हणजे २७ पट. क्लॅम्प सोडल्यावर वाक परत जातो तो या दोन आकड्यांच्या प्रमाणात, ३ भागिले २७, म्हणजे नववा हिस्सा. ६० चा नववा हिस्सा ६.७ मिमी. थोडक्यात, पट्ट्या जितक्या त्यांच्या वर्गाने भागा. ३ मिमीच्या ६ पट्ट्या घेतल्या तर ६० भागिले ३६, जेमतेम १.७ मिमी. साचा ६२ चा करा, काम झालं.

साचा जास्त वाकडा करून ३ पट्ट्यांवरच भागवता येईल, पण ६ मिमीची अ‍ॅश या वाकाला जोर लावूनच बसते, आणि तो जोर टोकांच्या सांध्यांवर कायमचा राहतो. ३ मिमीची पट्टी हाताने वाकते, वाफेची गरज पडत नाही.

पट्ट्या कापताना ३.५ मिमीच्या कापा आणि रंध्याने ३ वर आणा. करवतीचं पातं जवळजवळ पट्टीइतकंच लाकूड खातं, त्यामुळे ६ पट्ट्यांना किमान ४० मिमी जाड फळी लागते. रुंदी ४५ ठेवा, चिकटवल्यावर दोन्ही कडा रंधून ३८ वर या. लांबी ६५० पेक्षा कमी नको. वरची पट्टी खालच्यापेक्षा मोठ्या गोलाईवरून जाते, म्हणून टोकं पायऱ्यांसारखी मागेपुढे राहतात. कापण्याआधी फळीच्या कडेवर एक तिरकी पेन्सिलरेघ मारून ठेवा म्हणजे पट्ट्या मूळ क्रमाने रचता येतात. गाठ असलेली किंवा कडेतून तंतू बाहेर पडणारी पट्टी बाजूला काढा. ती साच्यावर तुटली नाही तर नंतर तुटेल.

ओला_ब्रश

वरचं सगळं मान्य, पण ग्लूही गुन्हेगार आहे. वॉटरप्रूफ पीव्हीए पाण्याला टिकतो, सततच्या ताणाला नाही. वाकवलेल्या पट्ट्या रात्रंदिवस सरळ व्हायला बघतात आणि पीव्हीए त्यांना हळूहळू सरकू देतो. आज ५३ आहे तो उन्हात पडून आणखी उतरेल. इथे इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा गोंद) वापरा.

५ सांध्यांना वाया जाणारं धरून ६० ते ७० ग्रॅम पुरतं. आधी दोन्ही पृष्ठभागांवर नुसतं पातळ इपॉक्सी लावा आणि लाकडाला पिऊ द्या. मग उरलेल्यात सिलिका घालून टूथपेस्टपेक्षा सैल असं घट्ट करा आणि प्रत्येक सांध्याच्या एका बाजूला पसरा. पहिला हात टाळला की लाकूड सांध्यातलं इपॉक्सी शोषून घेतं आणि सांधा कोरडा राहतो. मिसळलेलं इपॉक्सी कपात ठेवू नका, तापून कपातच घट्ट होतं. पसरट ट्रेमध्ये ओता.

क्लॅम्प दर ५० ते ६० मिमीवर, मधून सुरू करून टोकांकडे. वरून ६ मिमी प्लायची पट्टी टेप गुंडाळून ठेवा, नाहीतर क्लॅम्पचे ठसे उठतात. सांध्यातून सगळीकडे बारीक ओघळ आले की थांबा. ताकद लावून पिळलं तर इपॉक्सी सगळं बाहेर येतं. ओल्या पट्ट्या बाजूला घसरतात, म्हणून साच्याच्या दोन्ही अंगांना टेप लावलेले ठोकळे हवेतच. साच्याचा माथा पायाशी गुण्यात (काटकोनात) आहे ना तेही बघा, नाहीतर बीम पिळलेला निघेल. क्लॅम्प २४ तास, थंडीत त्याहून जास्त. रंधण्याआधी वरचा मेणचट थर पाण्याने धुवा.

सागासारखं तेलकट लाकूड असेल तर चिकटवण्याच्या लगेच आधी अ‍ॅसिटोनने पुसा.

गनेल_आणि_दोरा

टेनन आडवा कापू नका. ५१० वर ६० ची सरळ गोलाई घेतली तर टोकाशी उतार साडेसव्वीस अंश येतो. आडव्या टेननमध्ये पट्ट्या तेवढ्याच तिरक्या संपणार आणि पहिल्या धक्क्याला टेनन चिरणार. उपाय साच्यातच करायचा. दोन्ही गनेलजवळचे शेवटचे ७० मिमी सरळ ठेवा आणि फक्त मधल्या ३७० मिमीला ५२८ मिमी त्रिज्येची गोलाई द्या. उंचवटा ६० च राहतो, टोकाचा उतार साडेवीस अंशांवर येतो. गनेल १७ अंश कललेली, म्हणजे तिच्या आतल्या अंगाला काटकोनात येणारी रेषाही १७ अंशांनीच चढते. फरक साडेतीन अंशांचा, तो टेननच्या खांद्यात (टेनन जिथे सुरू होतो त्या पायरीत) सहज जिरतो. साचा त्याच सरळ रेषेत पुढे वाढवा म्हणजे टेननही सरळ निघेल. क्लॅम्प सोडल्यावर वाक परत जाण्याचे ते दीड-दोन मिमी वर धराच.

टेनन मधल्या ४ पट्ट्यांचा, १२ मिमी जाड. वरची एक आणि खालची एक पट्टी खांद्याशी कापायची. चाकूने रेघ मारा आणि करवत तिच्यापुढे जाऊ देऊ नका. एक मिमी जास्त गेली तरी सोलणं तिथूनच सुरू होतं. गनेलमधली खाच आडवी लांबट असावी आणि बरगड्यांच्या खालच्या खाचांच्या बरोबर वर येऊ नये. गनेलच्या वरच्या कडेतून टेननमधून ६ मिमीची लाकडी खुंटी, मग दोऱ्याची बांधणी. टेननला इपॉक्सी लावू नका, सांगाडा तिथेच लवायला हवा आणि कधीतरी बीम काढावाही लागतो.

आणखी एक. कमानीवर वरून भार आला की ती सपाट व्हायला बघते आणि मधले सांधे एकमेकांपासून ओढले जातात. डेकवर बसणं, चढताना गुडघा ठेवणं, सगळं यातच येतं. म्हणून मांड्यांना जागा कमी पडतेय म्हणून बीम खालून मधोमध कोरू नका. जागा मोजून उंचवटा आधीच ठरवा, मागची खालची कड तेवढी ८–१० मिमी गोल करा. आणि सगळे डेक-बीम लॅमिनेट करण्याची हौस नको. मासिक आणि पायांपुढचा एखादा पुरे, मागचे सपाट बीम अखंड लाकडाचेच बरे.

तिरपी_करवत

साचा ७० च्या सरळ टोकांचा करतो. आत्ताच्या बीमच्या उघड्या सांध्यात इपॉक्सी भरून तो वापरता येईल का?

ओला_ब्रश

नाही. केसभर फटीत इपॉक्सी आतपर्यंत जात नाही, आणि पीव्हीएच्या थरावर ते नीट धरतही नाही. पण फेकण्याआधी तो सांधा पटाशीने पूर्ण उघडा. ग्लूचा चकचकीत थर दिसला तर पट्ट्या तिथे टेकल्याच नव्हत्या, म्हणजे टोकाला क्लॅम्प कमी पडला. कोरडं लाकूड दिसलं तर ग्लू कमी होता किंवा पिळून निघून गेला. लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर ग्लूने आपलं काम केलं होतं, पट्टीच जास्त जाड होती.