अनुभव धागा: नंबर तोच, कंपनी दुसरी – सुटताना खिशातून काय गेलं?

गोव्यात मोबाइल कंपनी बदलायचं मोठं कारण म्हणजे घरात रेंज नसणं. डोंगराच्या अलीकडे एकीचा टॉवर लागतो, पलीकडे दुसरीचा. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून पैसा हेही कारण झालं. बदलायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, मुदतीआधी सोडलं तर दंड बसेल का? या भीतीने वर्षानुवर्षं नको असलेला प्लॅन भरत राहणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते मला फार लागतं. म्हणून हा धागा.

आधी नियम सांगतो. नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० या नंबरावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज पाठवायचा. आठ अक्षरी कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेड असेल तर निघालेलं बिल भरलेलं हवं, मालकी बदलण्याचा अर्ज अडकलेला नको, नंबराविषयी कोर्टात वाद नको. आणि करारात बाहेर पडण्याची काही अट असेल तर ती पूर्ण झालेली हवी. माणसं अडकतात ती या शेवटच्या अटीत.

१६ डिसेंबर २०१९ पासून ही तपासणी कोड देण्याआधीच होते, हे अनेकांना ठाऊक नाही. कोड हातात आला म्हणजे जुन्या कंपनीने थकबाकी नाही, अट बाकी नाही असं मान्य केलेलं असतं. त्यानंतर काउंटरवर कोणी तोंडी दंड सांगितला तर तो कशाचा, हे लेखी मागा.

आपापले अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको. काय विचारलं, काय उत्तर मिळालं, पैसे कुठे गेले किंवा वाचले, ते हवं.

म्हापसा, भांड्यांचं दुकान

घरचे चार नंबर, चारही माझ्या नावावर, एका पोस्टपेड फॅमिली प्लॅनमध्ये. प्लॅन घेताना कंपनीने एक फोन सवलतीत दिला होता आणि त्या बदल्यात ठराविक काळ राहण्याचा करार होता. १९०० वर मेसेज केला तर कोड आला नाही, कराराची बाब शिल्लक असल्याचा मेसेज आला. शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने एक रक्कम सांगितली, कागद मात्र दिला नाही.

मी घरी येऊन ई-मेल केला. करार कोणत्या तारखेला संपतो, आज सोडलं तर नेमकी किती रक्कम, ती कोणत्या कलमाखाली, आणि चारपैकी कोणत्या नंबरावर करार आहे, एवढंच विचारलं. या शेवटच्या प्रश्नाने काम केलं. करार फक्त मुख्य नंबरावर होता! उरलेल्या तिघांना कसलीच अट नव्हती. ते तीन लगेच हलवले. मुख्य नंबर स्वस्तातल्या प्लॅनवर ठेवला, मुदत संपल्यावर तोही नेला. दंडाचा रुपया द्यावा लागला नाही. लेखी उत्तरातली रक्कमही काउंटरवरच्या आकड्यापेक्षा कमी होती, हे मुद्दाम सांगतो.

भावाचा फोन फायनान्स कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला, त्याला वाटायचं हप्ते फिटेपर्यंत नंबर हलवता येणार नाही. तसं नाही. ते फोनचं कर्ज, नंबराशी त्याचा संबंध नाही. हप्ते चालू राहिले आणि नंबर गेला.

वाळपई, काजूची बाग

आम्ही प्रीपेडवाले, आम्हाला दंड नाही असं वाटतं. पण पॅकचे राहिलेले दिवस आणि शिल्लक नव्या कंपनीत येत नाही. वर्षभराचं पॅक मारून महिन्याभरात कंपनी बदलली तर ते पैसे गेलेच, त्याला दंड म्हणा नाहीतर काही म्हणा. आमच्या वाड्यावर एकाने लांब मुदतीचं पॅक घेतलं आणि पावसात टॉवर बंद पडत राहिला. बागेतून बाजाराच्या माणसाला फोन लागेना. त्याने पॅक अर्धं असतानाच बदललं. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगतो: नव्या ठिकाणी आधी लहान मुदतीचं पॅक घ्या. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचं निदान एक पॅक ठेवलंच पाहिजे असा ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम २०२२ पासून आहे. एक महिना वापरा, बागेत, गोठ्यात, देवळाकडे, सगळीकडे लावून बघा, मग लांबचं घ्या. कारण पुन्हा बदलायला ९० दिवस थांबावं लागतं.

त्याहून बरं म्हणजे बदलण्याआधी शेजारच्याचं सिम दोन दिवस आपल्या फोनमध्ये घालून बघणं. शोरूममधला रेंजचा नकाशा आमच्या सत्तरीच्या डोंगरात उपयोगी पडत नाही.

आणि पॅकमध्ये मेसेजची सोय नाही म्हणून पोर्ट करता येत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. १९०० वर मेसेज सगळ्यांना पाठवता आला पाहिजे, मग पॅक कोणतंही असो, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये काढला आहे.

वास्को, घरी तारवटी

आमचे हे बोटीवर असतात, महिनोन्महिने. इथला नंबर बँकेला जोडलेला, त्यामुळे बंद पडून चालत नाही. पोस्टपेड बिल मात्र फोन न वापरताही दरमहा यायचं. दुसऱ्या कंपनीत नेऊ म्हटलं तर नवीन कंपनीला ग्राहकाची ओळख आणि फोटो समोर हवा, ते तर समुद्रावर. मी दुकानात विनवण्या केल्या, पण नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

मग कळलं की पोस्टपेडला सेफ कस्टडी म्हणून सोय असते. नंबर झोपवून ठेवायचा, त्यासाठी तीन महिन्यांना जास्तीत जास्त १५० रुपये. दरमहाचं भाडं थांबलं. हे सुट्टीवर आले तेव्हा शांतपणे पोर्ट केलं. दीराचा नंबर प्रीपेड आहे, त्याला वेगळा नियम: ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होतो, पण खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ते कापून मुदत वाढते. बोटीवर चढण्याआधी त्याच्या खात्यात आम्ही शिल्लक टाकून ठेवतो. ज्यांची माणसं बोटीवर आहेत त्या बायकांना हे सांगा. नंबर हातचा गेला तर बँकेची कामं किती अडतात ते आम्हीच जाणतो.

मडगाव, हॉटेलात नोकरी

नंबर मी वापरतो, सगळी गिऱ्हाइकं त्याच नंबरावर, पण कागदावर नाव आधीच्या मालकाच्या फर्मचं. कोड मागितला की अधिकृत सही आणा म्हणत. नोकरी सोडल्यावर मालक सही द्यायला राजी नव्हता, शेवटी ओळखीच्या काकांनी मध्यस्थी केली. सांगायचं ते हे की नोकरीतला नंबर स्वतःच्या नावावर करून घ्यायचा तर राजीनाम्याच्या आधी मागा, आणि ते काम पूर्ण झाल्यावरच पोर्टचा मेसेज करा. दोन्ही अर्ज एकदम चालत नाहीत.

काणकोण

पोर्ट झालं, नवं सिम चालू, आणि काही आठवड्यांनी सासऱ्यांचा नंबर अचानक बंद. कारण जुन्या कंपनीचं शेवटचं बिल! पोर्टच्या दिवसापर्यंतचा वापर नंतरच्या बिलात येतो, आणि ते बिल त्यांच्या वापरात नसलेल्या ई-मेलवर गेलं होतं. ते थकलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून नंबर बंद करवू शकते, हे नियमातच आहे. पैसे भरून पावती नव्या कंपनीला दाखवल्यावर नंबर सुरू झाला. रक्कम किरकोळ, पण मधल्या काळात डायलिसिसच्या वेळा कळवणारे फोन त्यांना मिळेनात. बिलाची तारीख उलटल्यावर, ताजं बिल भरून लगेच पोर्ट केलं तर हे शेवटचं बिल लहान येतं. आणि पोर्टच्या आधी ई-मेल पत्ता बदलून घ्या.

बेतूल, मासेमारी

छोटंसंच. होडीत सिम भिजून गेलं म्हणून त्याच नंबराचं नवीन सिम काढलं आणि लगेच पोर्टचा मेसेज केला. कोड नाकारला. सिम बदलल्यावर सात दिवस कोड मिळत नाही, १ जुलै २०२४ पासूनचा नियम, फसवणूक टाळण्यासाठी. आठवडा गेल्यावर आपोआप मिळाला. दुकानदार 'कंपनी सोडू देत नाही' म्हणत होता, तसं काही नव्हतं.

पणजी, घरूनच काम

मोबाइल सुटला, पण घरच्या फायबरचं काय? त्या जोडणीला पोर्टची सोय नाही, सरळ बंद करून दुसरी घ्यावी लागते. माझ्याकडे राउटर 'मोफत' होता आणि तो मोफत कशाच्या बदल्यात, ते अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं. ठराविक महिने राहायचं, नाहीतर बसवण्याचा खर्च परत. माझे महिने पूर्ण झाले होते, तरी बंद केल्यावर उपकरण परत न केल्याचे पैसे मागितले. उपकरण नेणारा माणूस घरी आला तेव्हा मी पेटीवरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढला होता आणि त्याच्याकडून पोच लिहून घेतली होती. तक्रार केली, तक्रार क्रमांक घेतला, समाधान न झाल्याने कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे गेले. फोटो जोडला. मागणी रद्द झाली, अनामतही परत आली.

बंद करण्याची विनंती फोनवर करू नका. फोनवर 'थांबा मॅडम, ऑफर देतो' सुरू होतं आणि महिना उलटतो. ई-मेल करा, त्यात शेवटची तारीख लिहा.

सध्या स्विंडन, मूळ डिचोली

तुमचा खरा दंड इथे बघायला या. ब्रिटनमध्ये फोनसकट २४ महिन्यांचा करार सर्रास, आणि आधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागतात. गोव्यातून नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात दुकानात जाऊन चकचकीत फोनसाठी सही करतात, मग नोकरी दुसऱ्या गावी लागली आणि तिथे रेंज नसली की अडकतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण पहिल्या पगारातला मोठा वाटा त्यात जातो.

त्यांना मी हे सांगते. ८५०७५ वर इन्फो असा मेसेज करा, आज सोडलं तर किती भरावं लागेल ते उत्तरात येतं. नंबर घेऊन जायचा कोड ६५०७५ वर पीएसी लिहून मिळतो, तो ३० दिवस चालतो. १ जुलै २०१९ पासून कंपनीला नंबर हलल्यानंतरच्या काळाचे नोटिशीचे पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे भाडं भरायची वेळ येत नाही. करार संपायच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने कळवलंच पाहिजे. तो मेसेज आला की त्याच दिवशी पुढचं ठरवा, नाहीतर फोनचे पैसे फिटूनही तेवढंच बिल चालू राहू शकतं. ऑनलाइन किंवा फोनवर करार केला असेल तर १४ दिवसांत मागे घेता येतो. दुकानात बसून सही केली असेल तर तो हक्क नाही, म्हणून मी मुलांना दुकानात सही करू नका म्हणते. सुरुवातीला नुसतं सिम घ्या, महिन्याच्या बोलीवर. फोन गावाहून आणलेला चालतो.

इथला जुना फोन गावी पाठवणार असाल तर तो एका कंपनीला लॉक नाही ना, ते बघा. डिसेंबर २०२१ पासून इथल्या कंपन्यांना लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे, पण त्याआधीचे फोन घराघरात आहेत. माझ्या आतेभावाला पाठवलेल्या फोनात गोव्याचं सिम चालेना. इथल्या कंपनीकडून तो मोकळा करून घेतला तेव्हा चालला.

पोळे

आमच्यापलीकडे कारवार, तिथे कर्नाटक सर्कल. सर्कल म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेला देशाचा विभाग. बायकोचा नंबर माहेरचा. ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदलूनही नंबर तोच ठेवता येतो. एका सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदललं तर पाच. सावंतवाडी-बांद्याकडच्यांचं गोव्याशी एकच सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा, त्यामुळे त्यांना तीनच.

फोंडा, वकिली

पणजीच्या ताईंनी केलं तेच बरोबर: आधी कंपनीकडे तक्रार, मग अपील. दोन्हीकडे न्याय मिळाला नाही तर ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्या 'टेलिफोनचे वाद तिथे चालत नाहीत' म्हणून अडवायच्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चालतात असं स्पष्ट सांगितलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. माझ्या अशिलांची बरीच प्रकरणं तिथेच मिटली आहेत. कागद मात्र हवा. म्हापशाच्या भाऊंचा तो ई-मेल माझ्या दृष्टीने अर्धा खटला जिंकल्यासारखा आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार, देव बरें करूं. वास्कोच्या ताई, सेफ कस्टडीचं मलाही माहीत नव्हतं. आमच्या वाड्यावर तारवट्यांची घरं आहेत, आजच सांगतो.

पोळ्याच्या भाऊंनी कामाचे दिवस म्हटलं त्यात रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या धरत नाहीत. चवथ जवळ आली आहे. ज्यांना नव्या सिमवर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांशी बोलायचं आहे त्यांनी मेसेज आताच करावा. आणि कोड घेऊन अर्ज दिल्यावर मन बदललं तर २४ तासांच्या आत १९०० वरच इंग्रजीत कॅन्सल आणि नंबर पाठवला की अर्ज रद्द होतो. कोणाला तो मेसेज पाठवायची वेळ आली असेल तर त्यांनीही लिहावं.