अनुभव धागा: परवडणारे इअरफोन तुम्ही कसे पारखता?

एक साधा, वायरचा, कानाच्या आत बसणारा इअरफोन मी जवळजवळ वर्षभर खणात टाकून दिला होता. आवाज पोकळ, बेस नावालाही नाही, गायिका पत्र्याच्या डब्यात उभी राहून गातेय असं वाटायचं. स्वस्तातला आहे, असाच वाजणार, असं म्हणून मी विषय मिटवला. गेल्या महिन्यात माझ्या नेहमीच्या जोडाची डावी बाजू एकदम बारीक झाली, म्हणून तो पुन्हा बाहेर निघाला. ऐकताना उजवी बाजू सैल वाटली. बोटानं जरा आत दाबली, आणि त्या एका कानात खालचे सूर भरून आले. बोट काढलं की गेले, दाबलं की आले. पाच-सहा वेळा करून पाहिलं, दर वेळी तेच.

खोक्यात टिपांचे, म्हणजे कानात बसणाऱ्या रबरी टोकांचे, तीन जोड होते. मी लावून आलेल्या मधल्या मापाच्या टिपा कधी बदलल्याच नव्हत्या. माझा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा आहे हे इतक्या वर्षांनी कळलं! आता उजवीकडे मोठी टिप, डावीकडे मधली. टिप आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली तरी बेस तिथून निसटतो. वरचे सूर मात्र फारसे बिघडत नाहीत, त्यामुळे चूक टिपेची आहे हे ध्यानातच येत नाही, इअरफोनच फुसका वाटतो.

म्हणून हा धागा. ‘कुठलं मॉडेल घेऊ’ याची यादी नकोय, ती आठवड्याला बदलते. तुम्ही काय लावून ऐकता, कशावरून ठरवता, कुठे फसलात आणि ते कशामुळे कळलं, हे लिहा. कान हेच साधन असलेल्या माणसांचे अनुभव हवेत.

* * *

मी तबला शिकतो, त्यामुळे माझी पारख डग्ग्यापासून सुरू होते. पहिला इअरफोन ‘जबरदस्त बेस’ म्हणून घेतला होता आणि पहिले दोन दिवस खरंच खूश होतो. तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या रियाजाचं रेकॉर्डिंग लावलं. ते रेकॉर्डिंग मी स्वतः, चांगल्या रेकॉर्डरवर, त्यांच्यापासून चार हातांवर बसून केलेलं. त्या खोलीत तो डग्गा कसा वाजत होता हे मला पाठ आहे. इअरफोनमध्ये प्रत्येक ‘घे’ सारखाच ऐकू येत होता, उशीवर मूठ मारल्यासारखा. मनगट पुढे सरकवून घुमारा चढवतात, तो चढ कुठेच नव्हता. आणि दायाँची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची, किनार त्या धबडग्याखाली बुजून गेली होती.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. डग्ग्याचा घुमारा खालून वर जाताना ऐकू येतो का, आणि तो विरायच्या आत पुढचा ‘ना’ स्वच्छ लागतो का. द्रुत लयीतला कायदा (तबल्यातली बोलांची रचना) लावा. बोल सुटे ऐकू आले तर बाकी बरंचसं जमलेलं असतं. बेस जास्त असणं आणि बेस नेमका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या पाच मिनिटांत पहिलीच आवडते.

सगळ्यांना एक सांगेन. शक्य असेल तर ज्या वाद्याचा, ज्या गळ्याचा आवाज तुम्ही समोर बसून ऐकला आहे, त्याचंच रेकॉर्डिंग तपासायला वापरा. अनोळखी गाणं कितीही चकचकीत असलं तरी ते मुळात कसं होतं हे आपल्याला माहीतच नसतं.

* * *

फोमच्या टिपा वापरून पाहा. बोटांत चुरगाळून बारीक करायच्या, कानात सरकवायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. सिलिकॉन माझ्या कानातून बोलताना निसटायचं, हे निसटत नाही. वरचे सूर किंचित मवाळ होतात. मला ते चालतं. काही महिन्यांनी फोम कडक होतो, मग बदलावा लागतो.

* * *

मी इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस, त्यामुळे माझी चूक कानाची नव्हती, कागदाची होती. खोक्यावरचे आकडे वाचून मी इअरफोन निवडायचो. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा तर जवळपास प्रत्येकावर असतो. पण त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलनं वरखाली होतो हे सोबत दिलेलं नसेल, तर त्या आकड्यातून काहीच कळत नाही. तीच गोष्ट ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या चिमुकल्या स्पीकरच्या, संख्येची. एका बाजूला पाच ड्रायव्हर असलेला जोड घेतला होता. त्यात गायकाचा आवाज एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जाताना मध्येच रंग बदलायचा. नंतर घेतलेला, १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेला साधा जोड त्याच्यापेक्षा कितीतरी सलग वाजतो.

मग कुठल्या सुराला आवाज किती येतो हे दाखवणारे आलेख बघायला लागलो आणि तिथेही फसलो. मला वाटायचं, रेघ सपाट तो इअरफोन प्रामाणिक. पण आपली कर्णनलिका साधारण २५ मिलिमीटर लांबीची, एका टोकाला पडद्यानं बंद असलेली नळी आहे. ती स्वतःच ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज उचलून धरते आणि जन्मापासून आपण जग तसंच ऐकत आलोय. टिपेनं नळीचं तोंड बंद केलं की तो उठाव पूर्वीसारखा राहत नाही, म्हणून तो इअरफोननं भरून द्यावा लागतो. त्यामुळे चांगल्या इअरफोनच्या आलेखात ३ किलोहर्ट्झजवळ टेकडी दिसणं बरोबरच आहे. ती टेकडी नसेल तर गाणारा पडद्यामागे गेल्यासारखा वाटतो. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीत श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून, त्यांची पसंती विचारून एक वक्र तयार केला. आज परवडणारे अनेक इअरफोन त्याच्या आसपास जुळवलेले असतात. स्वस्त इअरफोन गेल्या काही वर्षांत इतके सुधारले त्यात या कामाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

किमतीबद्दल एक ठोस गोष्ट. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनची मोजमापं तपासली आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा (म्हणजे वरच्या आलेखातल्या रेघेचा) किमतीशी संबंध लागतो का ते पाहिलं. लागला नाही. महाग जोडात साहित्य, बांधणी, सुटे भाग चांगले असू शकतात, पण नुसत्या किमतीवरून सुरांचा तोल ओळखता येत नाही.

आणि तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा, हे अगदी कळकळीनं सांगतो. दोनपैकी जो किंचित मोठा वाजतो तोच सरस वाटतो. आवाज कमी असला की आपल्या कानाला बेस आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. मी फक्त गळ्याचा आवाज असलेला तुकडा लावतो, दोन्ही जोडांत तो सारखा वाटेपर्यंत आवाज जुळवतो, आणि मगच वाद्यांकडे जातो. हे करायला लागल्यापासून माझे निम्मे तरी निकाल उलटे लागले.

* * *

वरच्या तबलावाल्या दादांसारखंच माझंही, फक्त माझ्याकडे तानपुरा आहे. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकून येणारा झंकार, नीट लागलेली असली की एका तारेतून सुरांचा एक झोत निघतो, आणि खर्जाच्या तारेत नीट कान दिला तर वरचा गंधारही ऐकू येतो. इअरफोन पारखताना मी आधी गाणं लावतच नाही, दहा मिनिटं नुसता तानपुरा लावते. वाईट जोडात तो माशी गुणगुणल्यासारखा होतो, किंवा उलट मऊ होऊन त्यातली जवारीच निघून जाते.

दुसरी कसोटी ‘स’ आणि ‘श’ची. काही इअरफोन पहिल्यांदा ऐकताना फार स्पष्ट वाटतात, सगळं कसं लख्ख. मला असाच एक आवडला होता. अर्ध्या तासानं लक्षात आलं की मी प्रत्येक ‘स’च्या आधी नकळत खांदे आवळतेय. तासाभरानं कान दमले आणि गाणं बंदच करावंसं वाटलं. तो जोड मी टाकून दिला नाही. फोनच्या इक्वलायझरमध्ये ८ किलोहर्ट्झची पट्टी तीन-चार डेसिबल खाली घेतली आणि तो ऐकण्याजोगा झाला. इक्वलायझर वापरणं म्हणजे हार मानणं असं बरेच जण समजतात, मला ते पटत नाही. तानपुरा आपण जुळवून घेतोच ना?

त्यामुळे निर्णय पाच मिनिटांत देऊ नका. एक पूर्ण तास ऐका, आणि तासानंतर आणखी ऐकावंसं वाटतंय का ते बघा.

* * *

माझा अनुभव छोटा आहे, पण कोणाचा तरी जोड वाचेल. एक बाजू हळूहळू बारीक होत गेली. मला वाटलं ड्रायव्हर गेला. टिप काढून इअरफोनच्या नळीच्या तोंडाशी टॉर्च मारला तर बारीक जाळीवर पिवळसर थर. कानातला मळ! जाळीचं तोंड खाली करून, कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच घासलं, म्हणजे सुटलेला कण आत न जाता खाली पडतो. टाचणी अजिबात घालू नका, जाळी फाटते. पाणीही नको. दहा मिनिटांत दोन्ही बाजू सारख्या झाल्या. आता दर पंधरा दिवसांनी बघतो.

* * *

आवाजाचं सगळ्यांनी लिहिलंय, मी वायरीचं लिहिते, कारण माझे तीन जोड वायरीपायी गेले. तिन्ही वेळा तुटलं ते एकाच जागी, पिनेच्या मानेशी. फोन खिशात उलटा, पिन वर, बसलं की वायर मुडपते. चौथा जोड सुट्या वायरीचा घेतला, ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना असलेला. मूनड्रॉप चू २ सारख्या अगदी सुरुवातीच्या पातळीवरच्या जोडालाही हल्ली सुटी वायर असते. वायर गेली की फक्त वायर घ्यायची.

आणि ज्यांना चालताना कानात धप-धप, खरर-खरर ऐकू येतं त्यांनी वायर कानामागून वळवून घ्या. कपड्यावर वायर घासल्याचा आवाज थेट कानात चढतो, कानामागून घेतली की तो बराच मरतो. पावलांचा धप-धप मात्र थोडा राहतोच, कारण कान बंद झाल्यावर हाडांतून येणारा आवाज आतच अडकतो. तो इअरफोनचा दोष समजू नका. रस्त्यावर चालताना मी एक कान मोकळाच ठेवते.

* * *

मी बिनतारी घेतला, मग वायरीकडे परतलो. कारण आवाज नव्हतं. ब्लूटूथवर आवाज आटवून पाठवायच्या पद्धतींपैकी एसबीसी सगळीकडे असतं. एएसी किंवा एलडीएसी चालायला फोन आणि इअरफोन दोन्हींत ते हवं. एलडीएसीवर सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाता येतं, पण गर्दीच्या ठिकाणी तो वेग टिकत नाही. खरं सांगायचं तर घरी शांत बसूनही मला एएसी आणि वायर यांत फरक ओळखता आला नाही. अडचण बॅटरीची झाली. दोन वर्षांत एक बाजू तासाभरात मान टाकायला लागली, आणि ती बॅटरी बदलायची सोय नव्हती. ड्रायव्हर ठणठणीत, तरी जोड फेकायचा हे मनाला लागलं. आता फोनला छोटा अडॅप्टर लावून वायरचा वापरतो. एक लक्षात ठेवा, अशा बहुतेक अडॅप्टरमध्येच डिजिटलचा ॲनालॉग करणारी चिप असते. माझ्या पहिल्या अडॅप्टरला गाणं थांबल्यावर बारीक ‘सूंऽऽ’ यायचं. इअरफोन बदलण्याआधी अडॅप्टर बदलून पाहा.

* * *

कानात सतत शिट्टी वाजत असलेली व्यक्ती म्हणून लिहितेय. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो इअरफोनचाच. मी गर्दीत, गाड्यांच्या आवाजात गाणी ऐकायचे, आणि बाहेरचा आवाज दबावा म्हणून आतला वाढवायचे. टिप सैल होती हे आज हा धागा वाचताना लक्षात येतंय. बेस मिळावा म्हणूनही मी आवाजच वाढवत असणार.

जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. मुलांसाठी ७५. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा, म्हणजे ८३ डेसिबलला २० तासच. नीट बसणारी टिप बाहेरचा गोंगाट बराच अडवते, त्यामुळे मला आता पूर्वीपेक्षा किती तरी कमी आवाज पुरतो. पारखताना हेही बघा, की गोंगाटात बसून, आवाज न वाढवता, गाण्याचे शब्द कळतात का. माझ्यासाठी बाकी सगळ्या कसोट्या याच्यानंतर येतात. शिट्टी गेलेली नाही. वाढलेली नाही, यात मी समाधानी आहे.

* * *

धागा काढणारी मीच पुन्हा. शिट्टीबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी आज लेकाचा फोन घेऊन आवाजाची मर्यादा लावून दिली.

जाळीचं वाचल्यावर लगेच जुना, ‘बारीक झालेला’ जोड काढला. टॉर्च मारला. उजवीकडची जाळी चकाकत होती, डावीकडे भोकंच दिसत नव्हती. ब्रशनं साफ केली, तोंड खाली धरून, सांगितलंत तसंच. डावी बाजू परत आली आहे. अगदी पूर्ण आली का ते उद्या सकाळी शांततेत तानपुरा लावून बघेन. म्हणजे आता हाताशी दोन जोड झाले, एक खणातला आणि एक मेलेला समजलेला. आज रात्री गळ्याच्या तुकड्यावर दोघांचा आवाज जुळवायला बसते. दोघांत कोण पुढे जातंय ते इथेच लिहीन, तोवर तुम्ही लिहीत राहा.