आईला घाटात बस लागते, रेल्वेतूनच डोंगर बघायचेत. सोलापूरहून कुठं जाऊ?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. घरचे सहा जण आहोत, आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन पोरं. आपल्याकडं सगळा सपाट माळ, पोरांनी डोंगर बघितलाय तो मोबाईलमध्ये. महाबळेश्वरला न्यायचं ठरवलं तर आईला घाटात बस लागते, गोळी घेऊनपण दोन वळणांत पिशवी मागते, कारचंही तेच. पण रेल्वेत तिला कधीच काही होत नाही, म्हणून म्हटलं घाटच रेल्वेनं बघू. वडलांचे गुडघे दुखतात त्यामुळं चढउतार नको. श्रावणात नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत जमेल. उटी, सिमला वगैरे नावं ऐकलीत पण सोलापूरहून नीट काय जमतं ते सांगा. खर्च मध्यम.

घाटवेडा
आधी एक विचारतो, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला कितीतरी वेळा गेला असाल, लोणावळा-कर्जतच्या मधला बोरघाट बघितलाय का कधी? नसणारच, कारण ती जातानापण रात्री घाट उतरते आणि येतानापण रात्रीच चढते, आख्खं सोलापूर घोरत असतं. १८६३ साली सुरू झालेला घाट आहे तो, सदतीस फुटांना एक फूट असा चढ. आपल्या सोलापुरात रेल्वे १८६० ला आली म्हणजे घाट पूर्ण व्हायच्या आधीच, तेव्हा मुंबईहून येणारी माणसं मधला घाट पालखीत नाहीतर तट्टूवर बसून चढायची. तुमच्या आईंना सांगा, निदान तसं करायचं नाहीये.

तर श्रावणात वंदे भारत धरा. पहाटे सहाच्या सुमारास सोलापुरातून निघते, लोणावळा सोडलं की उजेडात घाट, आणि मुंबईहून दुपारी चारला सुटते म्हणजे चढतानाही उजेड. नाव कुठल्या धबधब्याचं घेणार, अख्खा डोंगरच गळत असतो. मंकी हिल आणि ठाकूरवाडीच्या मधे पोरांना खिडकीला बसवा. बोगद्यामागून बोगदा, मधेच दरी दिसते आणि परत अंधार.

शेंगाचटणी
ओ घाटवेडा, वंदे भारतची खिडकी उघडत नाय. काचेवर पाणी वघळत असतंय, भायेरचं हिरवंगार सगळं धुरकट दिसतंय, त्येला काय घाट बघणं म्हणायचं का. मी तर येताना उद्यान एक्स्प्रेस धरतो, सकाळी आठच्या आसपास मुंबईतनं सुटती, चांगल्या उजेडात घाट चढती, दुपारी उशिरा सोलापूर. स्लीपरचं तिकीट काढायचं, खिडकी वर करायची, तोंडावर पाऊस घ्यायचा. कर्जतला चढाच्या गाड्यांना मागनं बँकर इंजिनं लावत्यात, ती ढकलाय लागली की डब्याला एक हिसका बसतो बगा, पोरं खूश होत्यात. वंदे भारतला बँकर लागतच नाय, ती आपली आपण चढती. कौतुक हाय पण मजा गेली.

घाटवेडा
मजा तुमची, पण दोन पोरं आणि दोन म्हातारी माणसं घेऊन स्लीपरात भिजत येणार का हा माणूस? काच धुरकट होते हे मात्र बरोबर.

निवांत_प्रवासी
दोघांच्या मधला रस्ता सांगू का. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुणे गाठा, एक मुक्काम करा (पुण्यात कुणी नातेवाईक नाही असा सोलापूरकर मी तरी बघितला नाही), दुसऱ्या दिवशी डेक्कन क्वीन नाहीतर प्रगतीचा विस्टाडोम डबा. वरतीसुद्धा काच, खुर्च्या खिडकीकडं फिरतात. भाडं बरंच जास्त आहे आणि प्रवास छोटा, म्हणजे पैसे काचेचे. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे ती धरू नका.

उटीचं म्हणाल तर कुर्ला-कोइमतूर गाडी आपल्या सोलापूरवरूनच जाते. पण मेट्टुपाळयमची छोटी गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते त्यामुळं आदल्या रात्री तिथं मुक्काम धरूनच चला. कल्लार ते कुन्नूर मधे दातेरी रूळ असतो, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकतं आणि इंजिन पुढं नाही, मागून ढकलतं. चढ १२ ला १, बोरघाटाच्या तिप्पट. ४६ किलोमीटरला पाचेक तास. बघण्यासारखं आहेच पण बाकं साधी असतात, एवढे तास गुडघे दुमडून वडलांना झेपेल का बघा. आणि तिकीट मिळणं हे वेगळंच दिव्य. सिमल्याला १०० च्यावर बोगदे आहेत पण आधी कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, मग कालका, त्यात तुमची अर्धी सुट्टी संपली.

पूर्वभागवाला
सगळे मुंबईकडंच का बघता? आपल्या सोलापूरवरून कोणार्क एक्स्प्रेस जाते, रात्री बसायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विशाखापट्टणम, कुठं गाडी बदलायची नाही. एक रात्र तिथं, समुद्र बघा, आणि सकाळी किरंदूलला जाणारी गाडी धरा अराकूपर्यंत, आंध्रातलं डोंगरातलं गाव आहे ते. बैलाडिलाच्या खाणीतलं लोखंड बंदरात आणायला साठच्या दशकात बांधलेला मार्ग, म्हणून मोठ्या गेजचा, खेळण्यातली गाडी नाही. बोड्डवरा स्टेशन सोडलं की चढ लागतो, मग पन्नासाच्या वर बोगदे, आणि शिमिलिगुडाला जवळपास हजार मीटर उंची. विस्टाडोमपण जोडतात. माझ्या सासूबाई आख्ख्या रस्त्यात बोगदा आला की "आला आला" करत होत्या, लहान पोरांपेक्षा त्यांचाच आवाज जास्त. दिवाळीला गेलात तर सकाळी धुकं असतं, स्वेटर घ्या.

भाषेचं टेन्शन नाही, आमच्या पूर्व भागात निम्मी घरं तेलुगू बोलतात, दोन-चार वाक्यं शिकवतो पाहिजे तर.

जुळे_सोलापूरकर
हे अराकू भारी वाटतंय, हे डोक्यातच नव्हतं. पण दोन शंका आहेत. येताना लोक टॅक्सीनं खाली उतरतात असं वाचलं, ते झालं तर आईचं परत तेच. आणि तिथं गुहा आहेत म्हणे, वडलांचं काय?

पूर्वभागवाला
टॅक्सीवाले स्टेशनबाहेर मागं लागतील, ऐकू नका, तो रस्ता महाबळेश्वरपेक्षा कमी नाही. अराकूत एक रात्र राहा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी किरंदूलहून परत येणारी गाडी धरा, तोच घाट उतरताना दुसऱ्या अंगानं दिसतो. ती लेट होऊ शकते म्हणून त्याच रात्री परतीची गाडी धरायचा उद्योग करू नका.

बोर्रा गुहेत पायऱ्या बऱ्याच आहेत आणि ओल असते, वडलांना आत नेऊ नका. त्यांना अराकूतच आदिवासी संग्रहालय आणि कॉफी, तुम्ही पोरांना घेऊन गुहा करून या.

शेंगाचटणी
आणि कोणार्कमध्ये जेवणाची सोय घरनं करा. कडक भाकरी स्टीलच्या डब्यात उभी लावा, आडवी ठिवली तर चुरा होतोय. चटणी, दही पहिल्या रात्रीपुरतं. गोव्याच्या घाटातल्या दूधसागर धबधब्याचं कुणी सांगितलं नाय अजून? तिकडं जायचं तर मिरजेपर्यंत जावा आणि गोवा एक्स्प्रेस वास्कोवरनं परत येताना धरा, तीच दिवसा घाट चढती, जाताना आंधार. पण धबधब्याला मधेच उतरू नका, बंदी हाय, २०२३ ला पोलिसांनी उतरलेल्या पोरांना रुळावर उठाबशा काढाय लावल्या हुत्या.

जुळे_सोलापूरकर
ठरलं मग, श्रावणात एका रविवारी वंदे भारतनं मुंबई आणि दिवाळीला अराकू. वडील म्हणतात उद्याननंच येऊ, खिडकी उघडी पाहिजे. आई म्हणते वंदे भारत. तिकिटाचं कसं करायचं?

घाटवेडा
रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, कोणार्कचं त्याच दिवशी सकाळी काढा, दिवाळीत दुपारपर्यंत वेटिंग लागतं. दोन लोअर बर्थ मागून घ्या. विस्टाडोमचं वेगळं काढावं लागतं, ते आधी मिळालं तरच पुढचं हॉटेल बुक करा. आणि बोरघाटाला वडलांना उद्याननं, आईंना वंदे भारतनं आणा, दोघांना एका गाडीत बसवून भांडण कशाला लावता.