बोटांना आठवते ते

हेरकथेत नायिकेची स्मृती घालवणे ही लेखकाची सोपी पळवाट आहे, असे म्हटले जाते; ते मत मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेल्या स्त्री हेरांना स्वतःचे नाव-गाव पुसूनच जगावे लागे. जून १९४३ मध्ये गेलेली नूर इनायत खान तिथे जान-मारी रेनिए म्हणून वावरली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. बिनतारी संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकीची मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची, कळ दाबण्याची लकब इतकी वेगळी असे, की पलीकडचा जाणकार तिला त्यावरूनच ओळखू शके. त्यामुळे सगळे विसरलेल्या नायिकेची बोटे टेबलावर आपोआप तीच लय धरतात, असा प्रसंग मला अगदी खरा वाटेल.

माझी आजी सांगली जिल्ह्यातल्या कुंडलजवळची. ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या काळात ती भूमिगतांना भाकरीच्या दुरडीतून चिठ्ठ्या पोहोचवत असे, हे आम्हांला फार उशिरा कळले. अखेरच्या दिवसांत सांगलीच्या घरी तिला नातवंडांची नावेही आठवत नसत. पण दारात अनोळखी माणूस दिसला, की हातातले विजेचे बिलसुद्धा ती चटकन घडी घालून कनवटीला खोचत असे.