‘दोन्ही हवं असेल तर सरळ रॉटवायलर’ हे कुणी शिकवलं?

लष्करकर:
परवा आपल्या ग्वाल्हेरच्या या चर्चेत एकानं विचारलं: घरात दोन मुलं, एक आजी, मागच्या बाजूला अंधारी गल्ली, कोणतं कुत्रं आणावं? त्यावर सगळ्यात जास्त अंगठे मिळालेलं उत्तर जसंच्या तसं देतो: "मुलांसाठी लॅब, चोरांसाठी जर्मन शेफर्ड, दोन्ही हवं असेल तर सरळ रॉटवायलर. पिल्लू तीस-पस्तीस दिवसांचंच आणा, लळा लागतो. दूध-पोळीवर मस्त वाढतं. सहा महिन्यांचं झालं की गेटाशी बांधा, आपोआप तिखट होतं." चार सल्ले, आणि एकही धड नाही.

रॉटवायलरचा नर पन्नास ते साठ किलोंचा होतो. पट्टा धरणार आजी की पाचवीतला मुलगा? वर अंग काळं आणि केसांचे दोन थर. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, हे सल्ला देणाऱ्याला माहीत नसेल तर तो इथं राहत नाही. केंद्रानं मार्च 2024 मध्ये ज्या 23 जातींवर बंदीचं पत्र काढलं त्यात रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं, म्हणून आज तो पाळता येतो. पण शेजारी काय म्हणतील ते कोर्ट ठरवत नाही.

मुळात राखण म्हणजे तीन निराळी कामं. चाहूल लागली की भुंकणं, दारात उभं राहून अडवणं, आणि चावणं. घराला पहिली दोन पुरतात. तिसरं काम अंगावर येतं: जनावर सांभाळण्यात हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि चावा बसतो तो बहुधा कुरिअरवाल्याला. चोर घंटी वाजवून येत नाही.

पिल्लाचं वय: 2017 च्या ब्रीडिंग नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. कारण साधं आहे. जोरात चावलं तर भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो, हे पिल्लू त्या काळात शिकतं. तिसाव्या दिवशी उचललेल्या पिल्लाला तो धडा तुमच्या मुलांच्या पोटऱ्यांवर गिरवावा लागतो.

बांधण्याबद्दल एवढंच: साखळी सहा फुटांची असेल तर राखणही सहा फुटांचीच.

शेफर्ड_थाटीपूर:
रॉटवायलरचं मान्य. पण शेफर्डला त्याच ओळीत कशाला ओढता? टेकनपूर इथून झाशी रस्त्यानं तासाभरावर आहे, बीएसएफचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तिथं चालतं. शेफर्ड तिथं या उन्हातच राबतात ना? घरच्यांवर जीव आणि परक्यावर संशय, असं दोन्ही एकत्र याच जातीत आयतं मिळतं.

लोकांचं चुकतं ते निवडीत. पाठ घसरगुंडीसारखी उतरती असलेलं शो लाइनचं, म्हणजे प्रदर्शनांसाठी जोपासलेल्या वंशाचं पिल्लू फोटोत छान दिसतं. पाठ सरळ असलेले आईबाप बघा आणि दोघांच्या खुब्यांचे, दोन वर्षांचे झाल्यावर काढलेले एक्स-रे मागा. ‘चॅम्पियन ब्लडलाइन’ हे काही उत्तर नव्हे. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद वंशावळ सांगतो, खुब्याचं काही सांगत नाही.

गोचीडशत्रू:
टेकनपूरच्या कुत्र्याला स्वतःचा हॅण्डलर असतो, पशुवैद्य असतो आणि कामाच्या ठरलेल्या वेळा असतात. आपल्या थाटीपूर वस्तीतल्या कुत्र्याला गच्ची असते.

शेफर्डची खरी अडचण उन्हाआधी गोचिडांची आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत गोचीड अंडी घालते. कुत्र्याला औषध लावलंत आणि भिंतीच्या फटी तशाच ठेवल्यात, तर पुढची पिढी पुन्हा कुत्र्यावरच चढते. तिच्यातून एर्लिकिया हा रक्तातल्या जंतूंचा आजार होतो, प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्त येतं. हा आजार इतर जातींपेक्षा शेफर्डला जास्त झोंबतो. डॉक्टर साधारण 28 दिवस डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. आठव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं, घरचे गोळ्या बंद करतात, आणि मग आजार हाडांच्या मज्जेत जाऊन बसतो. फटी सिमेंटनं बुजवा आणि गोचिडीची गोळी वेळेवर द्या. फ्लुरालानेर असेल तर दर बारा आठवड्यांनी, वजन करून.

आणि उन्हाळ्यात शेफर्डचे केस मशीननं उतरवू नका. खालची मऊ लव ब्रशनं काढा, वरचा थर राहू द्या, ऊन तोच अडवतो.

मुधोळप्रेमी:
विलायती जातींवर एवढी शाई सांडली, देशी कुणालाच आठवली नाही? मुधोळ म्हणजे कर्नाटकातलं घोरपड्यांचं संस्थान, आणि मुधोळ हाउंड म्हणजे तिथं मराठ्यांनी जपलेलं कुत्रं. 2024 च्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीट या पोलीस दलांच्या स्पर्धेत बीएसएफची मुधोळ ‘रिया’ माग काढण्यात पहिली आली आणि मीटमधलं सर्वोत्तम कुत्रंही तीच ठरली. विलायती सगळी मागे. अंगावर आखूड केस, 22 ते 28 किलो वजन, आजीलाही आवरेल.

लष्करकर:
रियाला मुजरा. पण माग काढणं वेगळं, दार राखणं वेगळं. मुधोळ नजरेनं शिकार करणारं कुत्रं. मांजर दिसली की ते तुमची हाक ऐकत नाही, सुटलं तर गल्लीच्या टोकाला. कुंपण सहा फूट हवं आणि रोज मोकळं धावणं हवं. आपल्या दाणाओळीच्या गल्ल्यांत धावायला जागा दाखवा, मुधोळ मीच आणून देतो. शिवाय परका आला की यातली बरीच कुत्री बाजूला होतात, पुढे येत नाहीत. अंगात लाज असते त्यांच्या. घोरपड्यांबद्दल आदर आहे, पण घोरपड्यांकडे माळरान होतं.

मुधोळप्रेमी:
‘लाज’ नाही हो, शहाणपण. असो, कुंपणाचं बरोबर आहे.

दाणाओळीची_ताई:
तुम्ही सगळे पुरुष जात-जात करत बसा. गल्लीतली गावठी कुत्री रात्री दोन वाजता कोणतं पाऊल ओळखीचं आणि कोणतं परकं ते बरोबर सांगतात, तेही फुकट. पंधरा-वीस किलो वजन, ऊन अंगवळणी पडलेलं, खुब्याची कटकट नाही. आठ-दहा आठवड्यांचं गावठी पिल्लू आणा, लशी द्या, वेळेवर नसबंदी करा. झालं.

शेफर्ड_थाटीपूर:
आणि भिंतीवर चढणाऱ्याला वीस किलोंचं कुत्रं काय करणार, लाज आणणार?

दाणाओळीची_ताई:
भुंकणार. लष्करकरांनी वर लिहिलंय, वाचा. भिंतीवर चढणाऱ्याला अडवायचं काम काचेचे तुकडे आणि दिवा करतात. त्यासाठी जीव पाळायचा नसतो.

पोळीवाले_काका:
सगळं वाचलं. एक कळलं नाही. दूध-पोळीला ‘धड नाही’ कसं म्हणता? ग्वाल्हेरातल्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कुत्री दूध-पोळीवरच वाढली आणि धट्टीकट्टी राहिली. आता ही पाकिटवाली मंडळी तीनशे-चारशे रुपये किलोचे दाणे विकायला आली म्हणून पोळी विष झाली? सोवळ्याच्या घरात मी कोंबडी शिजवू?

गोचीडशत्रू:
काका, विष कुणीच म्हटलं नाही. हिशेब मांडू. चार पोळ्या म्हणजे साधारण 120 ग्रॅम कणीक, त्यात 14 ग्रॅम प्रथिनं. अर्धा लिटर गाईच्या दुधात 16. झाली 30. पाणी वगळून या जेवणाचं वजन 168 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रथिनं 18 टक्के. मोठ्या कुत्र्याची किमान मर्यादाही 18 टक्केच धरतात. तेव्हा कागदावर तुम्ही काठावर पास.

पोळीवाले_काका:
हेच तर म्हणत होतो.

गोचीडशत्रू:
थांबा, निकाल पूर्ण लागू दे. यात उष्मांक भरतात सव्वासातशेच्या आसपास. तीस किलोंच्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला चौदाशे लागतात. म्हणजे आठ पोळ्या आणि एक लिटर दूध. लिटरभर दुधात 47 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आणि मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना ते पचत नाही. सकाळी अंगण धुवायला कोण उठतं ते घरच्यांना विचारा. पिल्लाला तर प्रथिनं साडेबावीस टक्के लागतात, तिथं सरळ नापास. त्याहून वाईट म्हणजे कणकेत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. दूध धरूनही फॉस्फरसच वरचढ राहतो. हवं उलटं, कॅल्शियम निदान बरोबरीनं तरी.

पोळीवाले_काका:
मग कॅल्शियमची बाटली आणतो, त्यात काय एवढं.

गोचीडशत्रू:
नका! या एका बाटलीनं शेफर्ड-लॅबच्या पिल्लांचं जितकं वाटोळं होतं तितकं पोळीनंही होत नाही. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंच शोषलं जातं. हाडाची वाढ बिघडते, पुढचे पाय बाहेर वळतात. ते बघून लोक आणखी एक बाटली आणतात.

मुधोळप्रेमी:
काकांना एवढं झोडपू नका. शाकाहारी कुत्रं जगतं की नाही ते एकदा सांगून टाका.

गोचीडशत्रू:
जगतं. कुत्रं मांजरासारखं मांसावर अडून बसलेलं नाही, पिष्ट पचवतं. पण तोलून द्यावं लागतं. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर पंधरा-अठरा महिने लार्ज ब्रीड पपीचे (मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचे) पाकिटातले दाणेच द्या, तिथं घरगुती प्रयोग नको. पुढे घरचं द्यायचं तर पनीर, दही, चालत असेल तर अंडं (एकात सहा ग्रॅम), आणि सोया वड्या, ज्यांत शंभर ग्रॅम सुक्याला 52 ग्रॅम प्रथिनं असतात. खनिजांचं मिश्रण डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे. बदल सात दिवसांत करा: दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण.

दाणाओळीची_ताई:
उरलेलं अन्न घालणाऱ्यांनाही सांगा. कांदा-लसणाची आमटी पोळीत कालवून घालतात. कांद्यानं तांबड्या पेशी फुटतात, किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पुरतो. पाच किलोंच्या पिल्लाला एक मध्यम कांदा झाला. आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे! मूत्रपिंड जातं, किती दाण्यांनी जाईल याचा भरवसा नाही.

पोळीवाले_काका:
सोवळ्याच्या घरात कांदा-लसूण नसतोच, ताई. म्हणजे आमचं कुत्रं तुमच्या कुत्र्यापेक्षा सुरक्षित.

दाणाओळीची_ताई:
बरं काका, हा गुण तुम्हाला. बेदाण्यांचा मात्र परत द्या.

शेफर्ड_थाटीपूर:
विषय होता जातीचा, आलो सोया वड्यांवर. वाह. ज्यांनी विचारलं होतं ते बिचारे अजून कुत्र्यावाचूनच असतील.

लष्करकर:
त्यांना उत्तर देतो. मुलं, आजी, लष्कर भागातलं घर: गावठी पिल्लू किंवा लॅब. लॅब पाहुण्यासारखा चोराचंही स्वागत करेल म्हणतात, पण 30 किलोंचा काळा लॅब अंधारात भुंकला की गेटाबाहेरच्याला त्याचा स्वभाव कुठे दिसतो? शेफर्ड घ्यायचा तर घरात रोज पहाटे पाचला आणि रात्री नवानंतर पाऊण-पाऊण तास देणारा माणूस हवा. नसेल तर नको. डॉबरमनचा एकेरी कोट उन्हाला बरा, पण जानेवारीत झूल लागते आणि त्या जातीचं हृदय नाजूक, दरवर्षी तपासून घ्यावं.

जात कोणतीही असो, आठव्या ते चौदाव्या आठवड्यात त्याला जग दाखवा. कुकरची शिट्टी, काठीवाले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, ढोल, रडणारं बाळ. लशी पूर्ण नसतात म्हणून रस्त्यावर सोडायचं नाही, कडेवर घेऊन दाखवायचं. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा आजार बहुधा जमिनीवरून येतो. हे केलं तर मोठेपणी ते खऱ्या परक्यावरच भुंकतं. नाही केलं तर सगळ्यांवर भुंकतं, आणि मग रात्री कुणीच उठून बघत नाही.

शेफर्ड_थाटीपूर:
पाऊण-पाऊण तासाचं मान्य. गच्चीवर ठेवणाऱ्यांबद्दल माझंही मत चांगलं नाहीच.

गोचीडशत्रू:
गच्चीवरून आठवलं. इथल्या दगडी फरशीवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. टिकत नसेल तर पंजेही टिकत नाहीत. कूलर लूमध्ये चालतो, जुलैच्या दमटात तो नुसती वाफ फेकतो, तेव्हा पंखा आणि ओली फरशी बरी. कुत्रं धापा टाकून लडखडलं तर आधी नळाचं पाणी पोट-मांड्यांवर ओता, पंखा लावा, मग गाडीत घाला. ओला टॉवेल अंगावर पसरून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते.

पोळीवाले_काका:
ते सगळं ठीक. सोया वड्या कच्च्या घालायच्या का भिजवून?

गोचीडशत्रू:
शिजवून, पिळून, बिनमिठाच्या.

पोळीवाले_काका:
आणि वर थोडं दूध?

दाणाओळीची_ताई:
काका!