ई-सायकलींना आवर कोणी घालायचा? पोलिसांनी, शेजाऱ्यांनी की विकणाऱ्यांनी?

चौकस_पादचारी

फुटपाथवर पाठीमागून आवाज न करता सुसाट येणारी ई-सायकल आणि तिच्या मागे लागलेली पोलिसांची गाडी, मला दोन्हींची सारखीच धास्ती वाटते. म्हणून हा धागा.

आधी कशाबद्दल बोलतोय ते ठरवू, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल. युरोपात मोटर २५० वॉटची, पेडल मारलं तरच चालणारी आणि ताशी २५ किमीला मदत थांबवणारी असेल, तर ती सायकल. भारताच्या मोटार वाहन नियमांतही हेच दोन आकडे आहेत. अमेरिकेत ७५० वॉटपर्यंत मुभा आहे आणि वेग व थ्रॉटल (पेडल न मारता मुठीने मोटर चालवायची सोय) यांनुसार तीन वर्ग. जपानमध्ये ताशी १० किमीपर्यंत पायाच्या जोराच्या दुप्पट मदत मिळते, मग ती कमी होत होत २४ ला शून्यावर येते. थ्रॉटल पिळला की ४५ ने पळणारी, पेडल नुसते शोभेला लावलेली वस्तू यातल्या कुठल्याच व्याख्येत बसत नाही. ती मोटरसायकल आहे, फक्त नंबर प्लेट नाही आणि विमा नाही. २५ च्या जागी ४५ चा वेग असेल तर धडकेतली ऊर्जा सव्वातीन पट होते, आणि समोर एखाद्या आजी असतील तर हा फरक कागदावर राहत नाही.

आता पोलीस. २२ मे २०२३ ला वेल्समधल्या कार्डिफच्या ईली भागात इलेक्ट्रिक दुचाकीवरची १५ आणि १६ वर्षांची दोन मुलं अपघातात गेली. थोडं आधी पोलिसांची व्हॅन त्यांच्या मागून जाताना सीसीटीव्हीत दिसली होती. त्या रात्री वस्तीत दंगल पेटली, गाड्या जाळल्या गेल्या. पाठलाग होता की नव्हता यावर वाद झाला, पण मुलं परत आली नाहीत.

माझं म्हणणं असं: पळणाऱ्याच्या मागे लागूच नका, उभी असताना तपासा. नेदरलँड्समध्ये पोलीस गाडीचं चाक रोलरवर ठेवून मोटर किती वेगापर्यंत ढकलते ते रस्त्यावरच मोजतात. वस्तीत रोज दिसणाऱ्या पोलिसाने असं यंत्र घेऊन आठवड्यातून एकदा शाळा सुटताना उभं राहावं. वाद मिटतो, कारण आकडा समोर असतो.

पाठीवर_पिशवी

शाळेच्या दाराशी कोणी उभं राहत नाही हो. उभे राहतात ते हॉटेलांच्या बाहेर, कारण तिथे आम्ही डिलिव्हरीवाले आयते सापडतो. ऑर्डर घ्यायला थांबलेला माणूस पळून जाणार कुठे?

न्यूयॉर्कचं बघा. एप्रिल २०२५ च्या अखेरीस तिथल्या पोलिसांनी सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने जाणं यासाठी ई-सायकलवाल्यांना फौजदारी समन्स द्यायला सुरुवात केली. तोच सिग्नल मोटारवाल्याने तोडला तर वाहतुकीची साधी पावती. सायकलवाल्याला मात्र कोर्टाची पायरी, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. ज्याचे कागदपत्र कच्चे आहेत तो तर कोर्टात जायलाच घाबरणार. मग ऑक्टोबरमध्ये ताशी १५ मैलांची, म्हणजे साधारण २४ किमीची मर्यादा आली. मर्यादा हवी, मान्य. पण वीस मिनिटांत पोचव म्हणणाऱ्या ॲपला पावती कोण देणार? रोलरवर ते ॲप ठेवता येतं का?

शेजारधर्म

पोलिसांवरच सगळं का टाकायचं? आपल्या गल्लीत कोण कसं चालवतो हे आपल्याला माहीत असतं. इंग्लंडमध्ये रहिवासी स्वतः वेग मोजायचं यंत्र घेऊन रस्त्याकडेला उभे राहतात, जोरात जाणाऱ्या मोटारीचा नंबर टिपतात आणि पोलीस मालकाला समजपत्र पाठवतात. दंड नाही, भांडण नाही. ई-सायकलींना हेच लागू करा.

उतारावरून

@शेजारधर्म, नंबर कुठला टिपणार? मोटारीला प्लेट असते म्हणून ती योजना चालते. ई-सायकलला प्लेट नाही, मग काकालोक टिपणार काय? चेहरा. पोरांचे फोटो काढणार, सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार, "हा तो" म्हणून गोल करणार. त्यात अर्ध्या वेळा मुलगा भलताच निघेल. उन्हात शिट्टी घेऊन उभं राहण्याची हौस ज्यांना असते त्यांच्याच हातात ती देऊ नये, असं माझं जुनं मत आहे.

शेजारधर्म

जपानमध्ये प्रत्येक सायकलची नोंदणी सक्तीची आहे, स्टिकर लावतात. तसं करा की.

उतारावरून

ते स्टिकर चोरीसाठी आहे. सायकल थांबवून वाचावं लागतं, पळत्या सायकलवरचं दिसतही नाही. आणि नियम मोडला तर तिथेही कारवाई पोलीसच करतात, शेजारी नाही. एप्रिल २०२६ पासून १६ वर्षं आणि त्यापुढच्या सायकलस्वारांना थेट दंडाची पावती देण्याची सोय केली आहे. साध्या सायकलवाल्यांनासुद्धा!

जुना_शिपाई

नोकरीत असताना गस्त घातली आहे, म्हणून चार शब्द.

पाठलाग नको हे लिहायला सोपं आहे. ज्या दिवशी पोरांना कळतं की पळालं की पोलीस सोडून देतात, त्या दिवसापासून सगळेच पळतात. तरीही मी म्हणेन की पळू द्या. त्याचं कारण वेगळं आहे. बीटवरचा माणूस जुना असेल तर पोरगा कुठल्या घरातला हे त्याला पाठ असतं. संध्याकाळी घरी जाऊन आईबापांसमोर बोलता येतं. पण दर सहा महिन्यांनी बदली होणाऱ्याला गल्ल्याच माहीत नसतात, तो मग गाडी मागे घालतो. रोलर आणायच्या आधी बदल्या थांबवा.

इंग्लंड-वेल्समध्ये २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याच्या कलम ५९ ची मूळ तरतूद अशी होती: लोकांना त्रास होईल अशी गाडी चालवली तर साधारणपणे आधी ताकीद, पुन्हा सापडला तर जप्ती. हा क्रम मला पटतो. पहिल्याच खेपेला जप्ती केली की अख्खं घर पोलिसाशी बोलायचं बंद होतं, आणि पुढच्या खऱ्या गुन्ह्यात साक्षीदार मिळत नाही.

एक अडचण मात्र कोणी बोलत नाही. जप्त केलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या ठाण्याच्या आवारात ठेवायच्या कुठे? कुठल्या कशा जोडल्यात, देव जाणे.

खटपट्या

शिपाईबुवांनी शेवटी मुद्द्याचं काढलं. सगळे वेगावर भांडताय, पण न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली लिथियम बॅटरीच्या आगींनी १८ माणसं मारली. धावत्या नाही, उभ्या गाड्यांच्या, बऱ्याचदा घरात ठेवलेल्या. एक सेल तापला की शेजारचा पेटतो, पाणी मारून लवकर आटोक्यात येत नाही, आणि बॅटरी दाराजवळ असेल तर बाहेर पडायची वाटच बंद. त्या वर्षी सप्टेंबरपासून तिथे प्रमाणपत्राशिवाय ई-सायकल किंवा बॅटरी विकायला बंदी आली, अग्निशमन दल दुकानं तपासू लागलं, चार्जिंग कसं करावं याचा प्रचार झाला. २०२४ मध्ये आगी कमी झाल्या नाहीत (२६८ च्या २७७ झाल्या), पण मृत्यू ६ वर आले. नुसत्या कायद्याने झालं असं मी म्हणत नाही. पण कोणाचाही पाठलाग न करता झालं.

वेगाचंही तेच. मर्यादा कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागात असते. काही कंपन्या ती फोनवरून दोन मिनिटांत काढता येईल अशीच ठेवतात, आणि पेटीवर बारीक अक्षरात "खासगी जागेतच वापरा" छापतात. पंधरा वर्षांच्या पोराला कुठली आली खासगी जागा? पकडायचं तर त्या पेटीवाल्याला पकडा.

चौकस_पादचारी

@खटपट्या, मान्य, पण विकल्या गेल्या त्यांचं काय? रस्त्यावर आज ज्या आहेत त्या आजच धडकणार. म्हणून दोन्ही जोडा: रोलरवर नापास झालेल्या प्रत्येक गाडीच्या पंचनाम्यात ती कुठून घेतली आणि मर्यादा कोणी काढून दिली हे लिहाच. एकाच विक्रेत्याचं नाव वारंवार आलं की त्याच्या दुकानावर जा. हॉटेलबाहेर तपासणी केली तर त्या स्वाराला ताकीद, आणि तो ज्याच्यासाठी धावतो त्या कंपनीला नोटीस.

पाठीवर_पिशवी

कंपनी म्हणेल, हा आमचा नोकर नाही, "भागीदार" आहे. नोटीस घ्यायलाच कोणी नसेल. आणि मर्यादा कोणी काढली ते नाव मी तर सांगणार नाही, कारण उद्या ब्रेक घासले की त्याच्याकडेच जायचंय.